भात कापणीला आलंय आणि पाऊस थांबत नाही, कापायचं की थांबायचं?

प्रश्न वाचला. तुमची परिस्थिती आधी माझ्या शब्दात मांडतो, चुकत असेल तर सांगा. संगमेश्वर तालुक्यात घरची पावणेदोन एकर भातशेती. वरच्या खाचरांत कर्जत-३ जातीचं भात पिवळं होऊन उभं आहे आणि त्यातलं थोडं आडवं पडलंय. खालच्या मळ्यात स्वर्णा जात आहे ती अजून हिरवी आहे, वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जागेत थोडी नाचणी. ऑक्टोबर अर्धा संपला तरी रोज दुपारनंतर पाऊस. बाबा म्हणतायत मिळेल तसं कापून टाकू, काका म्हणतायत पाऊस पूर्ण उघडल्याशिवाय विळा लावायचा नाही. गेल्या वर्षी कापून पसरलेलं भात तीन दिवस भिजलं, मोड आले, जे वाचलं त्याची गिरणीत निम्मी कणी झाली. आणि तुम्ही ठाण्यात बसून विचारताय की दोघांपैकी कोणाचं ऐकायचं.

आमची लांजा बाजूला छोटी भातगिरणी आहे, वडिलांच्या काळापासून, आणि स्वतःची भातशेतीही आहे. गिरणीवाल्याला एक गोष्ट रोज दिसते ती शेतात उभं राहून दिसत नाही, ती म्हणजे कोणाच्या भाताला कुठल्या वेळी पाणी लागलं त्याचा तांदूळ कसा निघतो. एकाच वाडीतली दोन घरं, एकच जात, पाऊस एकच, आणि एकाचा अख्खा तांदूळ तर दुसऱ्याची कणी. त्यावरून माझं जे मत बनलंय ते सरळ सांगतो. कापायचं की नाही हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न हा की कापलेलं भात त्याच दिवशी छपराखाली नेऊन झोडता येईल का आणि ते वाळवायला जागा आहे का. त्याचं उत्तर हो असेल तर बाबा बरोबर, नाही असेल तर काका बरोबर, आणि तेही फक्त काही दिवसांपुरते.

असं का म्हणतो ते नीट समजून घ्या कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

भात कापणीयोग्य होतं, म्हणजे लोंबीतले साधारण ८० ते ८५ टक्के दाणे गवती पिवळे होतात, तेव्हा दाण्यात अजून २० ते २४ टक्के पाणी असतं. पन्नास टक्के फुलोरा झाल्यापासून धरलं तर ही वेळ साधारण महिन्याभराने येते, जातीप्रमाणे चार-पाच दिवस इकडे तिकडे. अशा ओलसर दाण्यावर उभ्या पिकात पाऊस पडला तर दाणा आधीच ओला असल्यामुळे त्याला फारसा धक्का बसत नाही, लोंबी खाली झुकलेली असते, पाणी निथळून जातं, वारा लागला की तासा-दोन तासात तूस कोरडं होतं. नुकसान होतच नाही असं नाही पण ते हळू होतं.

आता तेच भात तुम्ही कापलंत आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीने दोन दिवस खाचरात पसरून ठेवलंत. ऊन चांगलं पडलं तर दाणा १५-१६ टक्क्यांच्या खाली उतरतो. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सर आली. हा सुकलेला दाणा पाणी पितो तेव्हा त्याचा बाहेरचा थर आधी फुगतो, आतला भाग कोरडाच असतो, त्या ताणाने दाण्याला आडवी चीर जाते. तुसाच्या आत असल्यामुळे ती बाहेरून अजिबात दिसत नाही, भात छान सोनेरी दिसतं, आणि गिरणीत घातलं की दाणा त्या चिरेवर तुटतो. तुमची गेल्या वर्षीची कणी बहुतेक तिथूनच आली, मोड आले ते वेगळं नुकसान. खात्री करायची असेल तर त्यातलं थोडं भात घरात शिल्लक असलं तर दहा-पंधरा दाणे हाताने सोला, तांदूळ खिडकीच्या उजेडासमोर किंवा मोबाईलच्या टॉर्चवर धरा, चीर असेल तर केसाएवढी आडवी रेघ दिसते.

म्हणजे पावसाचं पाणी लागणं आणि सुकल्यावर परत पाणी लागणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आपल्या कोकणात ऑक्टोबरमध्ये नेमका दुसरा प्रकार घडतो. मान्सून महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परत फिरतो, त्या दिवसांत सकाळी कडक ऊन असतं, दुपारी सह्याद्रीकडून ढग चढतात, तीन-चार वाजता गडगडाट होऊन झोडपतं. सकाळचं ऊन बघून माणूस कापायला उतरतो आणि संध्याकाळी कापलेलं पाण्यात असतं. २०१९ ला दिवाळीत क्यार चक्रीवादळाच्या वेळी आपल्या किनाऱ्यावर हेच झालं होतं, ज्यांचं उभं होतं त्यांचं काही ना काही हाताला लागलं, ज्यांचं कापून खाचरात पसरलं होतं त्यांच्या लोंब्या पाण्यावर तरंगत होत्या. त्या हंगामात गिरणीवर जे भात आलं ते बघून वाईट वाटत होतं, वर्षभराचं खाणं होतं ते लोकांचं.

आता मोडांबद्दल. पिकलेल्या दाण्याला काही काळ झोप असते, म्हणजे पाणी मिळालं तरी तो उगवत नाही. ही झोप जातीप्रमाणे बदलते, काही जातींत तीन-चार आठवडे टिकते, काहींत जवळपास नसतेच. म्हणून शेजारच्या खाचरात पडलेलं भात चार दिवस पाण्यात राहून ठीक आणि तुमच्या खाचरात तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब, असं होऊ शकतं. एकदा झोप संपली की उबदार हवा आणि सलग ओल दोन-तीन दिवस मिळाली की पुरे. कोंब बाहेर दिसायच्या आधीच दाण्याच्या आत पिठाची साखर व्हायला लागलेली असते. असा तांदूळ शिजवला की गिच्च होतो, पिठाची भाकरी थापताना चिकटते आणि खाताना गोडसर लागते. दळताना तर त्याची भुकटीच जास्त होते.

तुमच्या खाचरातल्या भाताची झोप शिल्लक आहे का हे मला इथून सांगता येणार नाही, कुठल्या पुस्तकातूनही नेमकं कळणार नाही, पण घरी बघता येतं. आईला सांगा, उभ्या पिकातल्या पाच-सहा वेगवेगळ्या लोंब्यांतून पिकलेले वीस-पंचवीस दाणे काढा, ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवा, फडकं सुकू द्यायचं नाही, आणि तीन दिवसांनी उघडून बघा. एक-दोनच दाण्यांना मोड असतील तर तुमच्या हातात अजून दिवस आहेत. निम्म्याच्या वर मोड दिसले तर पिकाला झोप राहिलेली नाही, अशा वेळी पडलेलं भात एक दिवसही पाण्यात ठेवायचं नाही. शाळेतल्या प्रयोगासारखं वाटेल पण वाट बघायची की नाही याचा निर्णय मी याच्यावर घेतो. हवामानाचा अंदाज त्यानंतर बघतो.

आता तुमच्या खाचरांकडे येऊ. कर्जत-३ हळवं आहे, ११०-११५ दिवसांत तयार होतं, म्हणजे ते आता पूर्ण पिकलेलं असणार आणि त्याला फार काळ ठेवता येणार नाही. उभं आहे म्हणून सुरक्षित आहे असं काकांनी धरून चालू नये. पिकून आठ-दहा दिवस झाले की दाणे झडायला लागतात, ताटं मऊ पडून अजून आडवी होतात, आणि दिवसा ऊन रात्री दव या चक्रात उभ्या पिकातसुद्धा चिरा जायला सुरुवात होते. याच दिवसांत लष्करी अळी पण येते, ती दिवसा बुडख्याशी, ढेकळाखाली लपते आणि रात्री लोंब्या कातरून खाली पाडते. सकाळी खाचरात लोंब्यांचे तुकडे पडलेले दिसले तर समजून जा. कापणीच्या तोंडावर औषध मारू नका, ते भात तुम्हीच खाणार आहात आणि पेंढा जनावरं खाणार आहेत, अशा वेळी कापून घरात आणणं हाच उपाय.

सगळ्यात आधी पाणी काढा. आज, कापणीचा निर्णय व्हायच्या आधी. बांधाला उताराच्या बाजूने तोंड पाडा, वरच्या खाचराचं पाणी खालच्यात न सोडता बाजूच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला जाईल असं बघा. चांगल्या हंगामात कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी काढायचं असतं, यंदा रोजच पडतंय त्यामुळे जमीन सुकणार नाही हे मान्य, पण लोंबी चिखलात असणं आणि लोंबीखाली चार बोटं पाणी असणं यात फार फरक पडतो.

मग आडवं पडलेलं आधी कापा, उभं नंतर. लोक उलट करतात कारण उभं कापायला सोपं, हाताला येतं, पडलेलं कापताना कंबर मोडते. पण पडलेल्याची लोंबी जमिनीला टेकलेली असते, मोड तिथेच आधी येणार, उभं अजून चार दिवस थांबू शकतं. आपल्याकडे जमिनीलगत कापायची शिफारस आहे, दापोली कृषी विद्यापीठाचा वैभव विळा त्यासाठीच आहे, खोडकिड्याच्या अळ्या धसकटात राहू नयेत म्हणून, आणि नेहमीच्या वर्षी तेच करावं. खाचरात पाणी असेल तर मात्र मी सहा-आठ इंच वरून कापतो, म्हणजे कापलेली मूठ धसकटांवर ठेवता येते आणि लोंबी पाण्याला लागत नाही. नंतर पाणी ओसरलं की धसकटं नांगरून टाकायची.

वेळेचं म्हणाल तर दव उतरलं की साडेआठ-नऊला सुरुवात आणि बारा-साडेबाराला हात थांबवायचा. दोनच्या आत सगळं पडवीत किंवा ताडपत्रीखाली असलं पाहिजे. जेवढं त्या वेळात उचलून आणता येईल तेवढंच कापायचं, एक गुंठा कमी झाला तरी चालेल. आठ माणसं मिळाली म्हणून अख्खं खाचर आडवं केलं आणि उचलायला दोघंच, असं करू नका. कापणीचा वेग उचलणाऱ्यांवर ठरतो.

आणि इथे सगळ्यात मोठा बदल करायचा आहे, ज्याला तुमचे बाबा कदाचित तयार होणार नाहीत. पावसाच्या वर्षी खाचरात वाळवण नाही. कापलं की त्याच दिवशी झोडायचं, ओलंच. जुन्या माणसांना हे पटत नाही कारण ओलं भात नीट झडत नाही, लोंबीला थोडे दाणे राहतात, झोडायला जोर जास्त लागतो, पेंढा पण ओला राहतो. सगळं खरं आहे. पण लोंबीला राहिलेले ते दाणे आणि तीन दिवस भिजलेलं अख्खं खाचर यांचा हिशोब करा. गावात पायाने चालवायचं झोडणी यंत्र कोणाकडे असेल तर भाड्याने घ्या, ओल्या भाताला ते बाकावर आपटण्यापेक्षा बरं पडतं. कंबाईन हार्वेस्टरबद्दल तुम्ही विचारलं होतं, आपल्या छोट्या पायऱ्यांच्या खाचरांत आणि या चिखलात ते उतरणारच नाही, त्याच्या नादात दिवस घालवू नका.

झोडलेलं ओलं भात पोत्यात भरून ठेवायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही. २४ टक्के ओलाव्याचा ढीग आतून तापतो, हात घातलात तर गरम लागतं, आणि असं तापलेलं भात नंतर कितीही वाळवा, तांदूळ पिवळट निघतो आणि त्याला कुबट वास राहतो. चोवीस तासांच्या आत वाळवायला सुरुवात झालीच पाहिजे. पडवीत, माजघरात, हॉलमध्ये जिथे जागा असेल तिथे ताडपत्रीवर किंवा चटईवर दोन ते चार सेंटीमीटरचा थर पसरा, म्हणजे बोटाच्या दोन पेरांपेक्षा जाड नको, आणि टेबलफॅन लावा. दर अर्ध्या तासाने पायाने किंवा फावड्याने हलवत राहा. बाहेर पाऊस असताना हवेतच इतका दमटपणा असतो की नुसत्या फॅनने भात १७-१८ टक्क्यांच्या खाली जात नाही, ते अपेक्षित धरा आणि निराश होऊ नका, फॅनचं काम ढीग तापू न देणं एवढंच आहे. त्यावर तीन-चार दिवस निघतात. ऊन पडलं की बाहेर काढून पुढचं वाळवण करायचं.

ऊन पडल्यावर पण घाई नको. पातळ थर, सारखं हलवणं, आणि भर दुपारी अंगण फार तापलं तर तासभर झाकून ठेवा. एका दिवसात कडकडीत करायला गेलात तर उलट्या बाजूने चिरा जातात, बाहेरचा थर आकसतो आणि आत ओल असते. एक दिवस वाळवा, संध्याकाळी ढीग करून झाका, रात्रभरात आतली ओल बाहेरच्या थरात येते, दुसऱ्या दिवशी परत पसरा. डांबरी रस्त्यावर वाळत घातलेलं भात गिरणीत लगेच ओळखू येतं, खडे असतात ते वेगळंच.

किती वाळलं हे कसं कळणार? ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर मिठाची युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत भाजून कोरडं केलेलं मीठ थोडं टाका, वर भात टाका, बूच लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, सुटं राहिलं तर खाली. घरी साठवायचं तर १४ च्या खाली हवं, बियाण्याला अजून एक-दोन टक्के कमी. खरेदी केंद्रावर द्यायचं असेल तर तिथे १७ टक्क्यांपर्यंत घेतात पण मोड आलेले आणि रंग गेलेले दाणे किती चालतात त्यालाही मर्यादा आहे, त्यामुळे भिजलेलं आणि चांगलं भात एकत्र करू नका. आपल्याकडे सगळं एकाच कणगीत ओतायची सवय आहे आणि थोडं खराब भात सगळ्या चांगल्याचा भाव पाडतं.

वजनाचं पण सांगून ठेवतो कारण दरवर्षी भांडणं होतात. २४ टक्क्यांचं १०० किलो भात १४ टक्क्यांवर आणलं की साधारण ८८ किलो भरतं. बारा किलो कुठे गेलं म्हणून मजुरांवर संशय घेऊ नका, ते पाणी होतं.

आता समजा सलग पाऊस लागला, कापता येत नाही आणि पडलेल्या भाताला मोड यायची भीती आहे. अशा वेळी मिठाच्या पाण्याची फवारणी करतात. आंध्र आणि तेलंगणात वादळाच्या वेळी तिथले शेतीतज्ज्ञ हा सल्ला देतात, पाच टक्के द्रावण, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो साधं मीठ. खारट पाणी दाण्यात सहज शिरत नाही त्यामुळे मोड यायचे एक-दोन दिवस लांबतात. पण परत जोराची सर आली की मीठ धुवून जातं, आणि कोंब आधीच बाहेर आले असतील तर काही उपयोग नाही. पडलेल्या पट्ट्यापुरतंच करा, बियाण्यासाठी ठेवायच्या भागात नको, आणि पंप नंतर स्वच्छ धुवा नाहीतर गंजेल. मी याला दोन दिवस विकत घेणं समजतो, त्यापेक्षा जास्त भरवसा ठेवत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या कोकणात आहे जी घाटावर सहसा नाही, आणि ती लोक विसरत चाललेत म्हणून मुद्दाम सांगतो. उकडे तांदूळ. भात भिजलंय, चिरा गेल्यात अशी शंका आहे, पण मोड आलेले नाहीत आणि वास येत नाही, असं भात उकडून घ्या. उकडताना दाण्यातलं पीठ शिजून घट्ट होतं आणि चिरा सांधल्या जातात, मग वाळवून भरडलं की जिथे कणी झाली असती तिथे अख्खा तांदूळ मिळतो. पेजेला तोच लागतो, घरात खाणारे असतील तर वाया काहीच जात नाही. तुमच्या आजीला विचारा, तिने मोठ्या टोपात उकडलेलं असणार. फक्त उकडल्यानंतरचं वाळवण सावलीत आणि सावकाश करा, आणि मोड आलेलं भात त्यात मिसळू नका, ते उकडून सुधारत नाही. गेल्या वर्षीच्या तुमच्या भातातला चिरा गेलेला भाग असा उकडून घेतला असता तर बराच तांदूळ हाताशी राहिला असता असं मला वाटतं.

मोड आलेल्या भाताचं काय करायचं तर कोंबड्या आणि जनावरं, तेही कोरडं करून, बुरशी नसेल तरच. बुरशी आलेलं काळं-हिरवं भात जनावरांनाही घालू नका. पेंढ्याचं पण तेच, ओल्या पेंढ्याची उडवी रचली की आतून कुजते, बांधावर किंवा कुंपणावर पातळ टांगून सुकवा, वास आला तर खतात टाका.

स्वर्णाचं गणित एकदम वेगळं आहे आणि तिथे काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ते गरवं आहे, १४० दिवसांच्या वर जातं, म्हणजे आता दाणा चिकात, आतून दुधाळ असेल. त्याला हात लावायचा नाही. दाणा भरायचाय अजून, आता कापलंत तर नुसतं पोचट, आमच्याकडे पळंज म्हणतात ते हाती येईल. त्यात जिथे जिथे आडवं झालंय तिथे शेजारची चार-पाच चुडं, म्हणजे रोपांचे झुबके, एकत्र धरून त्याच्याच पात्यांनी सैल बांधून उभी करा, ऊन पानाला लागलं तरच दाणा भरतो. मजूर कमी असतील तर कडेच्या आणि पाणी साचणाऱ्या भागापुरतं करा. फुलोऱ्यात असताना सकाळी नऊ ते बाराच्या वेळात सलग पाऊस झाला असेल, कारण भाताचं फूल साधारण त्याच वेळात उघडतं, तर काही दाणे पोचट राहणार, त्यावर आता काही करता येत नाही. बुडख्याशी तपकिरी तुडतुडे आहेत का ते मात्र दोन दिवसाआड बघायला सांगा, दमट हवेत आणि दाट पिकात ते झपाट्याने वाढतात, खाचराच्या मध्ये गोल गोल करपलेले पट्टे दिसले तर उशीर झालेला असतो. पाणी काढून टाकणं हा त्याच्यावरही पहिला उपाय आहे. आणि युरिया आता एक मूठसुद्धा नको.

नाचणीला फार वेळ घालवत नाही. पिकलेली कणसं तेवढी विळ्याने खुडून टोपलीत घरी आणा, ताटं राहू देत. कणीस घट्ट मिटलेलं असेल तर आत पाणी धरून राहतं आणि बुरशी येते, म्हणून पडवीत पातळ पसरा, ढीग नको.

नुकसान झालंच तर कागदाचं काम त्याच दिवशी करा. खाचरात असतानाच फोटो आणि व्हिडिओ, ज्यात बांध, झाड, घर असं काहीतरी ओळखीचं येईल, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून. मग तलाठी आणि कृषी सहाय्यकांना कळवून पंचनाम्याची मागणी लेखी द्या, पोच घ्या. नैसर्गिक आपत्तीच्या सरकारी मदतीला ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून करायच्या पिकाच्या सरकारी नोंदीत, तुमच्या सातबाऱ्यावर भात नोंदलेलं आहे का ते आधी बघा, ते नसेल तर पुढे सगळं अडतं. पीक विम्याचे नियम मात्र बदलत असतात. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीक विम्याची योजना बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे ठरावीक शेतांत कापून मोजलेल्या उत्पादनावर ठेवली, त्यामुळे नुकसान ७२ तासांत कळवायची पद्धत लागू आहे की नाही हे शेजारी सांगतो म्हणून गृहीत धरू नका, तुम्ही ज्या हंगामाचा हप्ता भरलाय त्या हंगामाचे नियम कृषी सहाय्यकांकडून विचारून घ्या. पंचनामा व्हायची वाट बघत भात शेतात कुजत ठेवू नका एवढं मात्र सांगतो. फोटो काढा, एका कोपऱ्यातला पट्टा तसाच ठेवा, बाकी उचला.

पुढच्या वर्षीचं बियाणं यातूनच ठेवणार असाल तर उभ्या राहिलेल्या, न भिजलेल्या भागातलं वेगळं झोडा, वेगळं वाळवा, आणि मे महिन्यात १०० दाणे उगवून बघा. ८० च्या खाली उगवण आली तर ते बियाणं वापरू नका. आणि जातीचा पण विचार करा. संपूर्ण वरची खाचरं एकाच हळव्या जातीची असली की सगळं एकाच आठवड्यात पिकतं आणि त्याच आठवड्यात पाऊस आला तर सगळं सापडतं. थोडं जया जातीसारखं निमगरवं, म्हणजे मधल्या मुदतीचं, मध्ये घातलंत तर कापणी पुढेमागे होते, मजूरही पुरतात. हळव्याची पेरणी आठ-दहा दिवस पुढे ढकलता येते का हे तुमच्या वरच्या खाचरांत सप्टेंबरअखेर पाणी टिकतं का त्यावर आहे, ते बाबांनाच माहीत असणार. ठोंब जोरात वाढावा म्हणून युरिया जास्त टाकायची सवय असेल तर ती सोडा, उंच आणि मऊ झालेलं भात पहिल्या वाऱ्याला झोपतं.

तर आज बाबांना फोन करून एवढंच सांगा की बांध फोडून पाणी काढा, ओल्या फडक्यात दाणे ठेवा, पडवी आणि माजघर रिकामं करून किती भात पसरता येईल ते बघा, आणि झोडणी यंत्र कोणाकडे मिळतंय ते विचारा. पडलेल्या पट्ट्यासाठी मात्र तीन दिवस थांबायचं नाही, उद्या सकाळी ऊन असेल तर जागा असेल तेवढं कापून घरात घ्या. उभ्या कर्जत-३ चं काय करायचं ते दाण्यांचं फडकं उघडल्यावर ठरवू. फडक्यात किती दाण्यांना मोड आले आणि घरात किती जागा निघाली ते कळवा, म्हणजे रोज किती गुंठे कापायचे ते नेमकं सांगता येईल.